पुरातून निघालेलं शिसवी कपाट आणि सातव्या मजल्यावरचा फ्लॅट : कामाच्या नोंदी

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्री नदी बडोदा शहरात शिरली तेव्हा सासूबाईंच्या कारेलीबागेतल्या घरात मांडीभर पाणी होतं. पाणी ओसरलं, सासूबाई आमच्याकडे भायलीला राहायला आल्या आणि त्यांच्यामागून त्यांचं सामानही आलं: आरशाचं शिसवी कपाट, पितळी कड्यांचा सागवानी झोपाळा, वेताची आरामखुर्ची, पितळी पत्रा मारलेला पटारा (मोठी लाकडी पेटी) आणि संखेड्याच्या दोन खुर्च्या. आमच्याकडे करडा सोफा, पांढऱ्या चकचकीत टाइल्स, पीओपीचं छत. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. तो लावायचा होता. कुणाला असंच काम निघालं तर उपयोग व्हावा म्हणून नोंदी ठेवल्या. दर आमच्या कामाचे आहेत, तुमच्याकडे वेगळे असतील.

७ नोव्हेंबर २०२४

काल लाभपाचम झाली, म्हणजे दिवाळीनंतर गुजरातेत कामं पुन्हा सुरू होतात तो दिवस, आज मिस्त्री येऊन सामान बघून गेले. दिवाळीत बडोद्यात सुतार मिळत नाही, त्यामुळे ऑक्टोबरची अखेर गेली ती गेलीच.

तोवरचं थोडक्यात. पाणी उतरल्यावर सगळं सामान साध्या पाण्याने आणि सौम्य साबणाने धुतलं. पुराचा गाळ म्हणजे निव्वळ माती नसते, त्यात गटारही असतं. कोरीवकामात बसलेला गाळ जुन्या टूथब्रशने काढला. मग सगळं कारेलीबागेच्या पडवीत, उन्हात नाही, विटांवर उचलून ठेवलं आणि दारं, खण, झाकणं उघडी टाकली. शेजारच्यांनी आपला पलंग लवकर वाळावा म्हणून गच्चीवर उन्हात टाकला, त्याच्या फळीला लांबलचक चीर गेली. लाकूड बाहेरून भराभर सुकतं, आतून ओलं राहतं, आणि मग फाटतं.

दोन टोकांचा ओलावामापक १,१५० रुपयांना घेतला. सुरुवातीला कपाटाच्या तळाशी २६ टक्के दाखवत होता, आज १२. मिस्त्रींच्या मते बडोद्याच्या हिवाळ्यात याच्याखाली फारसं जाणार नाही, काम सुरू करायला हरकत नाही.

त्याच घरातलं चार वर्षांपूर्वीचं चपलांचं कपाट पार्टिकल बोर्डचं होतं. ते फुगून उललं आणि त्याला हात लावला की भुगा पडायचा. ते भंगारातही कुणी घेईना. शिसवी कपाटाचे सांधे मात्र नुसते सुटले होते. सुटलेलं जोडता येतं.

११ नोव्हेंबर

मोजमाप. सामान आणण्याआधी हे करा, नाहीतर टेम्पो खाली उभा आणि तुम्ही वॉचमनशी वाद घालताय असं होतं.

कपाट साडेसहा फूट उंच, चार फूट रुंद. लिफ्टचं दार पावणेतीन फूट. पण जुनं मोठं कपाट बहुधा सुटं होणारं असतं, कारण तेही कधीतरी कुणाच्या अरुंद जिन्यातून वर न्यायचं असायचं. वरची नक्षीची कपाळपट्टी नुसती बसवलेली निघाली, खालचा खणांचा भाग वेगळा आणि मधला सांगाडा लाकडी पाचरींवर उभा. पाचरी ठोकून काढल्या की पाट्या सुट्या. प्रत्येक पाटीच्या मागे खडूने नंबर घातला आणि फोटो काढले. खडू पुसला जातो, फोटो राहतात.

फ्लॅटमध्ये प्रत्येक वस्तूच्या मापाचा जुना पेपर जमिनीवर चिकटवला आणि आम्ही त्यातून वळसे घालत वावरलो. झोपाळ्याचा पेपर सोफ्यावर चढत होता. ते दुखणं पुढे येईलच.

घर सजवण्याचं काम करणाऱ्या एका ओळखीच्या बाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, कपाट घासून पांढरं रंगवा, म्हणजे सोफ्याशी जाईल, नाहीतर पीयू (पॉलियुरेथेन, प्लास्टिकसारखा पक्का थर) मारून चकचकीत करा. मला दोन्ही नको होतं. शिसवावरचा तेलरंग रेषांमध्ये बसतो, तो पुढे पूर्ण कधीच निघत नाही. पीयूचा थर खरवडून काढताना लाकूडही निघतं. त्या दिवशी मिस्त्री आणि मी एवढंच ठरवलं: या सामानाला जे करू ते पुढच्याला सोडवता आलं पाहिजे. खिळा नाही, पीयू नाही, करवत नाही. बदल करायचेच तर फ्लॅटमध्ये करू, तो आपला आहे आणि काही शंभर वर्षांचा नाही.

१७ नोव्हेंबर

कपाट खोललं. मागच्या कुणा दुरुस्तीत सांध्यांत लोखंडी खिळे ठोकलेले होते. पुराच्या पाण्यात ते गंजून फुगले आणि तिथेच लाकूड चिरलं. मूळचे सांधे, जिथे खिळा नव्हता, ते धड होते. खिळे उपटायचे नाहीत, डोकं तुटून पाय आतच राहतो. मिस्त्रींनी पातळ नळीच्या ड्रिलने खिळ्याभोवतीचं लाकूड पोखरलं, खिळा काढला आणि भोकात शिसवाची गुटी बसवली. यात सगळ्यात जास्त वेळ गेला.

शिसवाचा तुकडा मिळवणं हे वेगळं काम. लातीत, म्हणजे लाकडाच्या वखारीत, गेलं की नवीन सागवान दाखवतात. शेवटी जुन्या घरांचं उतरवलेलं लाकूड विकणाऱ्याकडे मोडक्या पलंगाचे दोन पाय मिळाले, ६०० रुपयांना. जुन्या शिसवाला जुनंच शिसव जुळतं, नवीन तुकडा कितीही रंगवला तरी ठिगळ दिसतं.

२४ नोव्हेंबर

सांधे जोडले, सरस लावून. आजकाल सगळे पांढरा डिंक वापरतात आणि नव्या लाकडाला तो उत्तम आहे. पण जुन्या सांध्यात मुरलेल्या सरसावर तो नीट धरत नाही, त्याला उघडं लाकूड लागतं. शिवाय एकदा धरला की सांधा खोलताना लाकूड फुटतं. सरस गरम पाण्याने सुटतो. पुरात सांधे सुटले ते म्हणूनच, आणि ते मोडले नाहीत तेही म्हणूनच.

सरसाचे दाणे मांडवीकडच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळाले, किलोला ४८०. रात्रभर गार पाण्यात भिजत घालायचे, सकाळी फुगून जेली होते. मग एका भांड्यात पाणी तापवून त्यात सरसाचं भांडं ठेवायचं. ६० अंशांच्या आसपास ठेवायचं, उकळू द्यायचं नाही, उकळला की त्याची पकड जाते. आमचा पहिला घाणा उकळला आणि फेकावा लागला.

सरस जनावराच्या कातड्यापासून आणि हाडांपासून बनतो हे मिस्त्रींनी सासूबाईंसमोर सांगितलं. त्यानंतर तो स्वयंपाकघरात येणं शक्यच नव्हतं. बाल्कनीत जुनी इंडक्शन शेगडी, एक वेगळं भांडं, आणि काम झाल्यावर ते भांडं सुद्धा मिस्त्रींनी घेऊन जायचं असा तह झाला. वास येतोच, नाही म्हणत नाही.

थंडीत सरस पटकन गोठतो. सांध्याच्या दोन्ही बाजू हेअर ड्रायरने कोमट करून घेतल्या, मग सरस, मग शिकंजे, आणि पुढचे चोवीस तास हात नाही.

बिजागऱ्यांसाठी पितळी स्क्रू होते. शिसव कठीण आणि पितळ मऊ, थेट फिरवला तर स्क्रूची मान तुटते आणि अर्धा आत अडकतो. आधी भोक पाडायचं, त्यात त्याच मापाचा लोखंडी स्क्रू एकदा फिरवून काढायचा, मग पितळी स्क्रू साबणावर घासून घालायचा.

१ डिसेंबर

पॉलिश. आधी जुनं पॉलिश कसलं आहे ते बघा. कपाटाच्या मागे, दिसणार नाही अशा जागी डिनेचर्ड स्पिरिटचा एक थेंब टाका. चिकट झालं तर लाखेचं पॉलिश. स्पिरिटने काही झालं नाही आणि थिनरने विरघळलं तर लॅकर. दोन्हींना दाद दिली नाही तर पीयू किंवा मेलामाइन, आणि मग तुमचं काम अवघड. आमचं लाखेचं निघालं.

पाण्यामुळे ते पांढरं, ढगाळ झालं होतं. सासूबाईंना वाटत होतं बुरशी आहे. ती बुरशी नव्हती, लाखेच्या थरात अडकलेला ओलावा होता. मलमलच्या कापडात कापूस बांधून पुरचुंडी केली, स्पिरिटमध्ये जेमतेम ओली केली आणि न थांबता फिरवत गेलो. थर किंचित विरघळतो, ओलावा निघून जातो आणि लाख पुन्हा बसते. वरच्या दोन तृतीयांश भागात खाली शिसवाचा जांभळट तपकिरी रंग जसाच्या तसा निघाला. हात एका जागी थांबला की मात्र पुरचुंडी चिकटते आणि थर उचलून आणते. डाव्या दारावर एके ठिकाणी तसं झालंय, शोधलं तर सापडेल.

तळाचा भाग, जिथे पाणी उभं होतं, तो पूर्ण साफ करून नव्याने करावा लागला. चपडा लाख लिटर स्पिरिटला साधारण २०० ग्रॅम, रात्रभर विरघळवून, फडक्यातून गाळून. पुरचुंडीला अळशीच्या तेलाचा एक थेंब, म्हणजे ती सरकते. पातळ थर, मग वाळू द्यायचं, मग पुन्हा. हे पावसाळ्यात करू नका, हवेतल्या ओलाव्याने लाख लावतानाच पांढरी पडते.

आणि खिडक्या उघड्या ठेवा, देवघरातला दिवा त्या दिवशी लावू नका. स्पिरिटची वाफ पेटते.

५ डिसेंबर

पुराच्या पाण्याची रेघ. कपाटाच्या तळापासून दोन फुटांवर आडवी, फिकट. गंजलेल्या खिळ्यांचे काळे डाग ऑक्झॅलिक ॲसिडने जातात, म्हणून मिस्त्रींनी रेघेवरही करून बघायचं ठरवलं. आधी मागच्या पायावर. काळा डाग गेला, पण भोवतीचं शिसव गाजरासारखं केशरी झालं. पुढच्या दारांवर तो प्रयोग केला नाही. रेघ आहे. नवरा म्हणाला राहू दे, पाणी कुठवर आलं होतं ते तरी लक्षात राहील.

आरशाचा पारा खालच्या सहा इंचांत काळा पडलाय. काचवाल्याने नवीन आरसा १,८०० ला बसवून देतो म्हटलं, पण जुन्या काचेची कड तिरकी घासलेली आहे आणि त्याच्याकडची कड सरळ. ठेवला जुनाच.

९ डिसेंबर

संखेड्याच्या खुर्च्या. आज नुकसान झालं.

संखेडा बडोद्याहून जवळच, आता छोटाउदेपूर जिल्ह्यात. तिथली खुर्ची म्हणजे चरकावर (लेथवर) कातलेलं सागवान, त्यावर कथलाची नक्षी, ती अकीकाच्या दगडाने घोटून चमकवलेली, आणि वर लाखेचा पारदर्शक थर. कथील मूळचं रुपेरी, लाखेखालून सोनेरी दिसतं. आता विचार करा, वरचा थर लाखेचा आणि मिस्त्रींच्या हाताखालच्या पोराच्या हातात कपाटासाठीचं स्पिरिटचं फडकं. त्याने चांगल्या मनाने एका खुर्चीचा हात पुसला. सोनेरी वेल तिथे फिका रुपेरी झाला आणि कडेने पुसट.

हे घरी दुरुस्त होत नाही, संखेड्यालाच न्यावं लागेल. दुसरी खुर्ची फक्त किंचित ओल्या मऊ फडक्याने पुसली, लगेच कोरडी केली. पुरात ती माळ्यावर होती म्हणून वाचली होती.

१७ डिसेंबर

परवापासून कमुर्ता लागला, म्हणजे शुभकार्यं टाळायचा धनुर्मास. उत्तरायणापर्यंत आता कुणी नव्या घराचं काम काढत नाही, त्यामुळे लोखंडी काम करणाऱ्या फॅब्रिकेटरने सांगितल्या दिवशी येतो म्हटलं आणि आला. ज्यांना मुहूर्ताचं वावडं नाही त्यांनी हा महिना धरावा.

विषय झोपाळ्याचा. कारेलीबागेत तो तुळईला टांगलेला होता. इथे पाच इंची स्लॅब आणि खाली पीओपी. पहिल्या माणसाने सांगितलं, स्लॅबला चार भोकं पाडतो, हुक ठोकतो, २,५०० रुपये, संध्याकाळी बसा. सोसायटीत एक निवृत्त स्थापत्य अभियंता राहतात, त्यांना विचारलं. त्यांनी आधी विचारलं, किती जण बसणार? चार मोठी माणसं, धरा २८० किलो. ते म्हणाले, झोका चालू असताना आणि कुणी धपकन बसलं की याच्या दुप्पट धरा. स्लॅबच्या पोटात वर ठोकलेल्या हुकाला हा भार सतत खाली ओढत राहतो, धक्के देत राहतो. जुन्या घरात स्लॅबच्या आरपार भोक पाडून वर पत्रा टाकतात, इथे वर कुणाचातरी हॉल आहे.

त्यांचा उपाय: हॉलच्या दोन बाजूंना ज्या काँक्रीटच्या बीम आहेत त्यांच्यामध्ये लोखंडी गर्डर आडवा टाकायचा. दोन्ही टोकांना जाड पत्रा, प्रत्येकी चार केमिकल अँकर (भोकात रसायनाने चिकटवलेले बोल्ट), बीमच्या बाजूत. म्हणजे अँकर ओढला जात नाही, त्याच्यावर भार आडवा येतो. गर्डर १५० मिलिमीटरचा, मीटरला साधारण १५ किलो, आमच्या अकरा फुटांना सुमारे ५० किलो.

सोसायटीची लेखी परवानगी आधी घेतली. वरच्या मजल्यावरच्यांनाही सांगून आलो.

२८ डिसेंबर

गर्डर बसला. पीओपी दोन्ही टोकांना कापावं लागलं. पीओपीवाला म्हणाला, हा लोखंडी खांब खोक्यात बंद करून देतो, दिसणारच नाही. इथे मी आणि नवरा भांडलो. त्याला लपवायचा होता. मला वाटत होतं, जे वजन उचलतंय ते दिसू दे, उघड्या पितळी कड्या कुठल्यातरी पांढऱ्या पुठ्ठ्यासारख्या छतातून उगवल्यागत खोट्या दिसतील. शेवटी पीओपीवाल्याच्या दराने माझी बाजू घेतली: खोक्याचे ९,०००. गर्डरला बिनचमकी काळा रंग दिला, ७०० रुपयांत.

आता तो काळा आडवा गर्डर हा खोलीतला सगळ्यात नवा भाग आहे आणि झोपाळा सगळ्यात जुना, आणि दोन्ही एकमेकांमुळे उभे राहतात. करड्या सोफ्याशी शिसव जुळवायला बाईंनी पांढरा रंग सुचवला होता, ते काम या गर्डरने केलं.

५ जानेवारी २०२५

झोपाळा टांगला. पाट पुरात तरंगून भिंतीवर आपटत राहिला होता, त्याच्या एका कोपऱ्याचा टवका गेलाय. तेवढाच.

कारेलीबागेचं छत अकरा फूट, इथे गर्डरची खालची कड नऊ फूट दोन इंच. कड्यांच्या प्रत्येक माळेतला एक दांडा आणि शोभेचा एक पितळी हत्ती काढावा लागला. सासूबाईंना हत्ती गेल्याचं फार लागलं. कापलं काहीच नाही, कड्या सोडवून काढल्यात, चारही हत्ती पटाऱ्यात आहेत. उद्या कुणाचं छत उंच असेल त्याला लावता येतील. पाटाची उंची जमिनीपासून १८ इंच ठेवली, सासूबाईंचे पाय टेकतात.

लोखंडी हुक आणि पितळी कडी एकमेकांवर घासली की पितळ झिजतं, आणि कुईकुई अशी की वरच्या मजल्यावर ऐकू जावी. मध्ये नायलॉनचे बूच घातले, चारांचे १६० रुपये. आवाज बंद. तेल घातलं होतं आधी, ते पाटावर ठिबकलं.

झोक्याला मागे-पुढे अडीच-तीन फूट मोकळी जागा लागते. पेपरवर दिसलं होतं तेच प्रत्यक्षात: तीन माणसांचा सोफा आणि झोपाळा दोन्ही मावत नाहीत. सोफा गेला. वापरलेला करडा सोफा ११,००० ला विकला, घेतला होता ४८,००० ला. दोन जणांचा छोटा सोफा ठेवला. जुनं-नवं एकत्र मांडायचं म्हणजे बहुतेक वेळा काहीतरी बाहेर काढायचं, आणि बाहेर जातं ते नवं, कारण तसं दुसरं मिळतं ते नव्याचंच.

१३ जानेवारी

पटारा. हौसेने टीव्ही त्यावर ठेवला. उंची बरोबर, पितळी पत्र्यावर दिवे छान चमकत होते. दोन दिवसांनी सासूबाईंना आतली गोधडी हवी होती, आणि पटाऱ्याचं झाकण वर उघडतं. टीव्ही भिंतीवर गेला.

मग सोफ्यासमोर टीपॉय म्हणून. पटारा दोन फूट उंच, सोफ्याची बैठक सोळा इंच. चहा छातीशी येतो. आता तो आमच्या पलंगाच्या पायथ्याशी आहे, गोधड्या आत, आणि बरा आहे.

आतला कुबट वास डांबरगोळ्यांनी गेला नव्हता. आतून लाखेचे दोन पातळ हात दिले, वास बंद झाला. पितळ चिंचेने घासलं, पण चकचकीत होईपर्यंत नाही. नव्यासारखं पितळ त्या पटाऱ्यावर दुकानातलं वाटतं.

उद्या उत्तरायण, परवा वासी (दुसऱ्या दिवसाचं) उत्तरायण. मिस्त्री पतंग घेऊन गच्चीवर, काम बंद.

२ फेब्रुवारी

कपाट हॉलमध्ये उभं केलं आणि धक्का बसला. कारेलीबागेत जांभळट दिसणारं शिसव इथे कोळशासारखं काळं. पॉलिश बिघडलं असं वाटून मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी बाल्कनीचा पडदा सारला, ऊन आत आलं आणि रंग परत आला. दोष आमच्या छतातल्या ६,५०० केल्विनच्या निळसर पांढऱ्या एलईडींचा. ३,००० केल्विनचे दिवे बसवले, नगाला २६०. सगळ्या कामात पैशाला सगळ्यात जास्त फळ इथे मिळालं. तुम्ही हे आधी करा, पॉलिशच्याही आधी.

कपाटामागची भिंत पांढरी होती, तिथे कपाट कापून चिकटवल्यासारखं दिसे. भिंतीला राखाडी-हिरवा रंग दिला आणि त्या भिंतीवर दुसरं काही टांगलं नाही. झोपाळ्यासमोरच्या भिंतीवर लेकीचं काळ्या-पांढऱ्या शाईतलं मोठं चित्र आहे. एका भिंतीला एकच मोठी वस्तू, मग ती जुनी असो की नवी.

कपाट डगमगत होतं. कारेलीबागेच्या जमिनीला उतार होता आणि कपाटाचे पाय वर्षानुवर्षं त्या उताराला बसले होते. मिस्त्रींच्या पोराने करवत काढली. नाही म्हटलं. एका पायाखाली तीन मिलिमीटरचा चामड्याचा तुकडा सरकवला, डगमग संपली. चकचकीत टाइल्सवर जड फर्निचर घसरतं आणि ओरखडे काढतं, त्यासाठी बाकीच्या पायांखाली फेल्ट चिकटवलं आणि झोपाळ्याखाली सुती सतरंजी टाकली. टाइल्समध्ये दिव्यांचं प्रतिबिंब पडून डोळ्यांना होणारा त्रासही तिने कमी झाला.

१६ फेब्रुवारी

आरामखुर्चीचं वेत नव्याने विणून घेतलं, ३,२०० रुपये. जुन्या वेताला काळी बुरशी धरली होती, ती धुऊन जात नाही. वेतवाला आधी प्लास्टिकचं वेत दाखवेल, निम्म्या दरात, पण त्याची चमक लांबूनच कळते. खरं वेत भिजवून ओलं असतानाच विणायचं, सुकताना ते ताणतं. विणल्यावर दोन दिवस कुणाला बसू द्यायचं नाही. सासऱ्यांच्या नंतर या खुर्चीत कुणी बसत नव्हतं, आता लेक खुर्चीच्या लांब हातांवर पाय टाकून लॅपटॉप घेऊन बसते. लॅपटॉप ठेवायच्या फळीसाठी मिस्त्री खुर्चीच्या हाताला भोक पाडून देत होते. नको म्हटलं, शेजारी छोटं नवीन स्टूल ठेवलं.

संखेड्याची चांगली खुर्ची आधी झोपाळ्याच्या बाजूला ठेवली होती. तांबडा-सोनेरी रंग इतका बोलका की कपाट, झोपाळा सगळं गप्प होतं. ती देवघराशी गेली. तिथे सासूबाई पोथी वाचायला बसतात आणि तिथे ती शोभते.

१ मार्च

खर्च. मिस्त्री आणि पोराची मजुरी २६,५००. गर्डर, अँकर, बसवणं, रंग धरून १६,७००. लाख, स्पिरिट, सरस, कापड, किरकोळ सामान ५,४००. वेत ३,२००. दिवे आणि वायरमन ४,१००. भिंतीचा रंग ३,८००. टेम्पो आणि सातव्या मजल्यावर चढवणारे हमाल ६,०००. पीओपीची डागडुजी २,२००. ओलावामापक, शिसवाचे तुकडे वगैरे १,९००. एकूण ६९,८००, त्यातून सोफ्याचे ११,००० वजा. सोफ्यात गेलेले ३७,००० धरायचे की नाही यावर आमच्याकडे दोन मतं आहेत.

वाया गेलेला वेळ बहुतेक एकाच कारणाने गेला: मिस्त्री, फॅब्रिकेटर आणि पीओपीवाला यांना एका दिवशी एकत्र उभं केलं नाही. गर्डरच्या टोकाचं पीओपी आधी कापायचं की नंतर यावरून दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं आणि मधला आठवडा कुणीच आलं नाही.

२९ जून

पाऊस लागला आणि कपाटाचे खालचे दोन खण अडकले. मिस्त्रींना फोन केला, ते म्हणाले रंधा घेऊन येतो. मीच थांबवलं. आत्ता लाकूड फुगलेलं आहे, आत्ता तासलं तर डिसेंबरात खण खुळखुळतील. खण हळूहळू बाहेर काढले, कडांना मेणबत्ती घासली, एक सरकतो, दुसरा अजून अडतो. त्यातलं सामान काढून ठेवलंय. दसऱ्यानंतरही अडला तर रंधा.

नळासारखा पाऊस पडत असताना बाल्कनीच्या दाराजवळची झोपाळ्याची कडी हिरवट पडायला लागली, तिला कोरड्या फडक्याने पुसून मेणाचा हात दिला. संखेड्याची बिघडलेली खुर्ची तिथल्या कारागिराने फोटोवर पाहून १,४०० सांगितले, पण लाखकाम पाऊस संपल्यावरच करू म्हणाला. ती जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर आहे.